गटनिवड: साठ वर्षांचं भांडण, धारवाडची वानरं आणि पर्ड्यूच्या कोंबड्या

वारूळ

प्राण्यांवरच्या कार्यक्रमांच्या मराठी निवेदनात एक वाक्य हमखास येतं: "आपली प्रजाती टिकून राहावी म्हणून हा प्राणी असं करतो." ते ऐकलं की मी रिमोट शोधतो. परवा इथल्या मुंग्यांच्या धाग्यावरही तेच वाक्य आलं आणि चर्चा भलतीकडे घसरली, म्हणून हा वेगळा धागा.

प्रश्न साधा दिसतो. नैसर्गिक निवड नक्की कशाची होते? जनुकाची, एकेकट्या प्राण्याची, की अख्ख्या गटाची? डार्विनलाही हा प्रश्न टाळता आला नव्हता. कामकरी मुंग्यांना पिल्लंच होत नाहीत, मग त्यांचे गुण पुढे जातात कसे, ही अडचण आपला सगळा सिद्धांत बुडवणार असं त्याला आधी वाटलं होतं, असं त्याने १८५९ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय. निवड कुटुंबावरही चालते, हा त्याने काढलेला तोडगा. पुढे १८७१ च्या पुस्तकात तो माणसांच्या टोळ्यांवर आला. ज्या टोळीत एकमेकांसाठी जीव टाकणारी माणसं जास्त ती इतर टोळ्यांना भारी पडणार, आणि ही नैसर्गिक निवडच. पण त्याच प्रकरणात तो अडतोही. जीव टाकणारा मेला तर त्याची मुलं कमी, मग टोळीच्या आत हा गुण वाढणार कसा? सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. पुढची दीडशे वर्षं त्यावरचा काथ्याकूट.

वाद पेटला १९६२ मध्ये. अ‍ॅबर्डीनच्या व्ही. सी. विन-एडवर्ड्स यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं, पक्षी आपली संख्या स्वतःच आवरतात. स्कॉटलंडच्या माळावरचे रेड ग्राउज हद्दी आखून घेतात, स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे संध्याकाळी एकत्र घिरट्या घालतात, ती त्यांची एक प्रकारची शिरगणती. गर्दी झालीये असं दिसलं की गटाच्या भल्यासाठी पुनरुत्पादनात हात आखडता घ्यायचा. ऑक्सफर्डचे डेव्हिड लॅक यांना हे अजिबात पटलं नाही. पक्षी कमी अंडी घालतात ती संयमाने नव्हे, तर तेवढीच पिल्लं धड पोसून होतात म्हणून. पाकोळ्यांच्या घरट्यात मुद्दाम जास्तीचं पिल्लू ठेवून पाहिलं, तर शेवटी जगणारी पिल्लं उलट कमी भरली. १९६६ मध्ये गटनिवडीची चिरफाड करणारं जॉर्ज विल्यम्स यांचं पुस्तक आलं आणि पुढची निदान वीस वर्षं 'गटनिवड' म्हणजे शिष्ट मंडळीत न काढायचा विषय होऊन बसला.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर धारवाडचं. युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वानरांचा अभ्यास करत होते. बाहेरच्या नराने कळपातल्या हुप्प्याला हुसकावलं की नवा हुप्प्या अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो, हे त्यांनी नोंदवलं. पुढे सत्तरच्या दशकात सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर काम केलं. पिल्लू मेलं की आई लवकर माजावर येते, म्हणजे नव्या हुप्प्याला स्वतःची पिल्लं लवकर मिळतात, हे त्यांचं स्पष्टीकरण. काहींनी 'गर्दीमुळे आलेली विकृती' म्हणून हे झटकायचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. आता या हुप्प्याला "प्रजातीच्या भल्यासाठी" बसवून दाखवा.

इथवर गटनिवडवाले हरले, असंच कोणीही म्हणेल. पण पुढचा हिशेब बघा. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.

समजा शंभर-शंभर प्राण्यांचे दोन गट आहेत. पहिल्यात ८० परोपकारी, २० स्वार्थी. दुसऱ्यात २० परोपकारी, ८० स्वार्थी. एकूण परोपकारी निम्मे. परोपकाराचा फायदा गटातल्या सगळ्यांना, भुर्दंड मात्र करणाऱ्यालाच. म्हणून पहिल्या गटात परोपकाऱ्याला ४ पिल्लं, स्वार्थ्याला ५. दुसऱ्या गटात परोपकाऱ्याला १, स्वार्थ्याला २. आता मोजा. पहिल्या गटात ३२० आणि १००. परोपकारी ८० टक्क्यांवरून ७६ वर घसरले. दुसऱ्यात २० आणि १६०. २० टक्क्यांवरून ११ वर घसरले. दोन्हीकडे घसरण! आणि एकत्र केले तर ६०० पैकी ३४०, म्हणजे ५० टक्क्यांवरून जवळजवळ ५७. प्रत्येक गटात हरणारा गुण एकंदरीत जिंकला, कारण त्याचा गटच जास्त वाढला.

ही फोड कुठल्याही निवडीला लावायचं समीकरण जॉर्ज प्राइस यांनी दिलं (१९७० आणि १९७२). एकूण बदल म्हणजे गटागटांतल्या निवडीचा भाग अधिक गटाच्या आतल्या निवडीचा भाग. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७५ मध्ये तेच वापरून आपला १९६४ चा आप्तनिवडीचा सिद्धांत (नातेवाइकांना मदत केली की त्यांच्यातले आपलेच जनुक पुढे जातात) नव्याने मांडला. आप्तनिवडीचा बापच गटांच्या भाषेत बोलायला लागला, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आणि कोंबड्या. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांचं वाण सुधारायचं तर सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडायच्या, ही नेहमीची रीत. पण पिंजऱ्यात गर्दीत ठेवल्या की त्या एकमेकींना टोचून मारतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी १९९६ मध्ये छापलेल्या प्रयोगात कोंबडी निवडलीच नाही, पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्याची एकंदर कामगिरी चांगली, तो सगळा पुढच्या पिढीसाठी. दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीमागे अंडी ९१ वरून २३७. चोची न कापता.

माझं मत सांगून टाकतो म्हणजे झोडपायला सोपं. गटांमधली निवड खरी आहे. ती बहुतेक वेळा दुबळी असते, काही ठिकाणी जबरदस्त. आणि तिचं खरेपण मान्य केलं म्हणून विन-एडवर्ड्स बरोबर ठरत नाहीत. ते गट टिकतात असं म्हणून थांबले. गटाच्या आत काय कुरतडलं जातंय ते त्यांनी मोजलंच नाही.

---

कांदेपोहे

वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या ५० चे ५७ कसे झाले ते कागदावर करून पाहिलं तेव्हा विश्वास बसला.

---

सांख्यिक

धागा चांगला, निष्कर्ष पटला नाही.

तुमचंच उदाहरण घेतो. गटातल्या परोपकाऱ्यांचं प्रमाण शून्यापासून शंभर टक्क्यांवर गेलं तर प्रत्येकाची पिल्लं ५ ने वाढतात. हा लाभ. परोपकाराचा खर्च १. आता एखादा परोपकारी उचलला तर त्याच्या शेजारपाजारी परोपकारी भेटायची शक्यता किती जास्त, हे तुमच्या दोन गटांवरून काढलं तर ०.३६ येतं. हाच नातेगुणक. हॅमिल्टनचा नियम सांगतो: नातेगुणक गुणिले लाभ हे खर्चापेक्षा जास्त हवं. ०.३६ × ५ = १.८. ते १ पेक्षा जास्त. म्हणून परोपकारी वाढले. गट हा शब्दही न उच्चारता तेच उत्तर आलं.

म्हणजे एकाच जमाखर्चाची वही तुम्ही खात्यांनुसार मांडली, मी तारखेनुसार. बेरीज बदलत नाही. मग गटनिवडवाल्यांनी नवीन काय शोधलं? ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९६४ मध्येच गवताच्या गंजीतल्या उंदरांचं प्रारूप मांडून दाखवलं होतं की गट फार काळ वेगळे राहिले तर आतले स्वार्थी सगळं खाऊन टाकतात. तुमचे दोन गटही असेच बंद ठेवले तर काही पिढ्यांत दोन्हीकडे परोपकारी संपतील. दर पिढीला गट मोडून नव्याने बनवावे लागतील, आणि ते बनताना परोपकारी परोपकाऱ्यांकडेच जायला हवेत. हे नेहमी कशाने होतं? नात्याने. फिरून फिरून आप्तनिवडच.

कोंबड्यांचंही तेच. म्यूर यांनी एका पिंजऱ्यात एकाच कोंबड्याच्या मुली ठेवल्या होत्या. बहिणी-सावत्र बहिणी. हे धाग्यात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

---

वारूळ

@सांख्यिक, ०.३६ काढून दाखवलंत त्याबद्दल दंडवत. गणित एकच आहे हे मला मान्यच आहे, धाग्याचा रोख त्याच्या पुढचा आहे. बहिणींचं येतं पुढे.

हॅमिल्टन यांच्या १९७५ च्या मांडणीत नातेगुणक म्हणजे रक्ताचंच नातं असं राहत नाही. सारखे सारख्यांना भेटण्याचं प्रमाण, एवढंच. ते रक्ताने होईल, एकाच जागी उगवल्याने होईल, एकमेकांना ओळखून होईल. मग 'हे सगळं आप्तनिवडच' हे वाक्य जिंकतं, पण आप्त हा शब्द इतका ताणून की त्यात आप्त उरतच नाहीत.

बरं, मायकेल वेड यांचे पिठातले किडे घ्या, १९७६-७७. ट्रायबोलियम, आपल्या पिठाच्या डब्यात निघतात तेच. एका वस्तीतून सोळा किडे घेऊन पुढची वस्ती सुरू करायची, ३७ दिवसांनी मोजायची. एका मालिकेत दर वेळी सगळ्यात दाट वस्त्यांमधून पुढची पिढी घेतली, दुसऱ्या मालिकेत सगळ्यात विरळ वस्त्यांमधून. नऊ पिढ्यांत दोन्ही मालिका एकमेकींपासून पार लांब गेल्या. हे किडे एकमेकांची अंडी आणि कोष खातात, त्यामुळे वस्तीची संख्या हा कुणा एका किड्याचा गुण नसतोच. त्या काळची गणिती प्रारूपं सांगत होती की असा परिणाम नगण्य असेल. प्रयोगात तो ठसठशीत निघाला. आता म्हणाल, तेही नातेवाईकच. असतील. पण हा प्रयोग करायचं सुचलं कुणाला, तर गटाकडे बघणाऱ्याला.

---

पोल्ट्रीवाला_तासगाव

लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) करतो, म्हणून कोंबड्यांचं वाचून थांबलो. टोचाटोची ही खरी डोकेदुखी आहे राव. एकीला रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात. आम्ही पिल्लं लहान असतानाच डिबिकिंग करून (चोची कापून) घेतो, उजेड कमी ठेवतो, तरी होतंच. आणि एक अनुभवाचं: टोचणारी कोंबडी बऱ्याचदा तब्येतीनं चांगली, खाण्यात पुढं आणि अंडीही देणारी असते. मरतात त्या गरीब. म्हणजे एकेक कोंबडी बघून निवडली तर आपण गुंडच निवडणार की.

---

वारूळ

@पोल्ट्रीवाला_तासगाव, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते मला एवढ्या मोठ्या लेखात जमलं नाही. म्यूर यांनी चोची तशाच ठेवल्या आणि उजेडही जास्त ठेवला होता, म्हणजे टोचायचं तर खुशाल टोचा. नाहीतर गुंड कोण ते कळणार कसं?

---

तिरकस

म्हणजे एकेका हुशाराला बढती देण्याऐवजी अख्खं डिपार्टमेंट निवडायचं! आमच्या हापिसात कळवतो. पहिल्या पिढीत सगळेच मरतील.

---

रानपाखरू

विन-एडवर्ड्स यांना आज सगळे झोडतात, पण माळावर हिवाळे काढून ग्राउज मोजणारा माणूस होता तो. टेबलावर बसून टीका करणाऱ्यांनी किती पक्षी मोजले? त्यांच्यामुळेच लोकांना 'गटासाठी' हे मोघम बोलणं बंद करून नीट विचार करावा लागला. त्याआधी सगळेच तसं बोलत होते, प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेंझसुद्धा. चुकीचं पण स्पष्ट लिहिणं हेही एक काम आहे.

अवांतर: लेमिंग कड्यावरून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करतात, हेही त्याच 'प्रजातीसाठी' गटातलं. डिस्नेच्या १९५८ च्या माहितीपटातली ती दृश्यं बनवलेली होती. कॅनडात चित्रीकरण करून त्या बिचाऱ्यांना ढकललं होतं. आजही कोणी ना कोणी व्हॉट्सॅपवर पाठवतंच.

---

उंबरमाशी

माझ्या आयडीची लाज राखण्यासाठी लिहिणं भाग आहे. :-)

विल्यम्स यांनी १९६६ च्या पुस्तकात गटनिवडीसाठी एक कसोटी सुचवली होती. गटनिवड जोरदार असेल तर नर कमी आणि माद्या जास्त जन्माला याव्यात, कारण गटाची वाढ माद्यांवर अवलंबून. असं दिसत नाही, म्हणून गटनिवड नाही. पुढच्याच वर्षी हॅमिल्टन यांनी असे प्राणी ढिगाने दाखवून दिले, आणि त्यातले ठळक म्हणजे उंबर-वडाच्या फळातले किडे.

उंबर फोडलं की जे चिलटासारखे दिसतात ते. एक किंवा काही माद्या कोवळ्या फळात शिरतात, फुलांना परागकण देतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. त्यांची पोरं फळातच वाढतात. नरांना पंख नसतात. ते फळातच जुगतात, माद्यांना बाहेर पडायला भोक पाडून देतात आणि मरतात. बाहेर उडतात फक्त माद्या.

फळात एकच आई शिरली असेल तर तिने भरपूर मुलगे घालून उपयोग नाही, ते आपापसातच भांडणार. थोडे मुलगे, बाकी मुली. पण आया जास्त असतील तर जिने मुलगे जास्त घातले ती दुसरीच्या मुलींवरही डाव साधते, आणि मुलग्यांचं प्रमाण वाढत जातं. अ‍ॅलन हेर यांनी पनामातल्या जातींवर हे मोजून १९८५ मध्ये छापलं, रोख अगदी असाच.

आता हेच गटांच्या भाषेत: फळाच्या आत जास्त मुलगे घालणारी जिंकते, फळाफळांमध्ये जास्त मुली उडवणारं फळ जिंकतं. जे दिसतं ते या दोन ओढींच्या मधलं. १९८१ मध्ये रॉबर्ट कोलवेल यांनी 'नेचर'मध्ये हेच मांडलं. म्हणजे विल्यम्स यांची कसोटी गटनिवडीने पार केली, पण तोवर त्याच निरीक्षणाला दुसरं नाव पडलं होतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस यांच्या गटाने आपल्या उंबरावर आणि त्यातल्या किड्यांवर पुष्कळ काम केलंय. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी जरूर शोधावं.

---

कांदेपोहे

उंबर खाणं सोडावं लागणार आता.

---

उंबरमाशी

आजवर खाल्लेलं आठवू नका.

---

डॉ_स्टेथो

वैद्यकातलं उदाहरण. ऑस्ट्रेलियात सशांचा उच्छाद आवरायला १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णवाहून जास्त ससे मरत. काही वर्षांतच मध्यम मारक वाण जिकडेतिकडे पसरले. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये याचा अर्थ गटनिवड असा लावला. एका सशातले सगळे विषाणू हा एक गट. सशाच्या आत भराभर वाढणारा विषाणू जिंकतो, पण ससा लगेच मेला तर डास त्याला चावत नाहीत आणि अख्खा गट सशाबरोबर संपतो.

विरोधकांचं म्हणणं, यात गट कशाला हवा? प्रत्येक वाण किती सशांपर्यंत पोहोचतो तेवढं मोजा. तेही खरंच.

यावरून 'प्रत्येक विषाणू शेवटी सौम्य होतो' असा निष्कर्ष कृपया काढू नका. कोविडच्या काळात हे वाक्य ऐकून कान किटले. मिक्सोमाही सौम्य झाला नाही, मध्यम झाला. फार सौम्य वाणाचे फोड लवकर बरे होतात, मग डासांमार्फत तोही कमी पसरतो. शिवाय ससेही चिवट झाले.

कॅन्सर हे याच्याच उलटं टोक. पेशींच्या पातळीवर तो विजेता, शरीराच्या पातळीवर सगळं घेऊन बुडणारा. आपलं शरीर टिकतं कारण पेशींमधली ही आतली निवड बऱ्यापैकी दाबून ठेवलेली असते.

---

तिरकस

मोक्याचा प्रश्न कोणी विचारतच नाही. मग जातीव्यवस्था म्हणजे गटनिवडच की! हजारो वर्षं टिकली म्हणजे फायद्याची असणार.

---

वारूळ

@तिरकस, काडी टाकायला आला आहात हे कळतंय, पण मुद्दा घेतो, कारण त्याला खरा धागादोरा आहे.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ मध्ये जातींकडे परिसरशास्त्राच्या नजरेतून बघणारा लेख लिहिला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातले तीन भटके समाज: फासेपारधी फास लावून हरणं आणि पक्षी धरायचे, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागे, वैदू मुंगसासारखे लहान मांसभक्षी प्राणी पकडायचे. एकाच माळावर राहून तिघांची शिकार वेगळी. एखादं साधन एकाच गटाच्या वाट्याचं असेल तर ते जपून वापरण्याचा फायदा त्याच गटाकडे राहतो, असा त्यांचा युक्तिवाद. टीकाही झाली, कारण यात उतरंड आणि जबरदस्ती मागे पडते.

पण इथून 'टिकली म्हणजे फायद्याची' पर्यंत उडी मारता येत नाही. एक तर ही जनुकांची गोष्ट नाही, रीतीभातींची आहे. त्यांचा प्रसार वेगळ्या नियमांनी चालतो, त्यावर बॉइड आणि रिचर्सन यांचं वेगळं काम आहे. दुसरं, माझ्या उदाहरणातला परोपकारी स्वतःचा भुर्दंड भरत होता. जातीत भुर्दंड कुणावर लादला गेला ते तुम्हाला ठाऊक आहे. एका गटाने दुसऱ्याला दाबून ठेवणं म्हणजे गटाअंतर्गत परोपकार नव्हे. आणि टिकण्याचं म्हणाल तर जंतही टिकतात.

---

तिरकस

लेखनसीमा.

---

आजोबा१९५०

जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचं नाव अजून कसं आलं नाही? "दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव देईन" हे त्यांच्या नावावरचं वाक्य, पबमध्ये म्हटल्याचं मेनार्ड स्मिथ सांगत. लिहिलेलं मात्र सापडतं १९५५ च्या लेखात, पुरात बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण देऊन. त्यात त्यांनी हेही म्हटलंय की प्रत्यक्ष बुडणाऱ्याला वाचवताना असा हिशेब करायला आपल्याला सवड नव्हती. दोनच वर्षांनी ते इंग्लंड सोडून कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्याच वर्षी हॅमिल्टनचे लेख छापून आले.

आणि तो जॉर्ज प्राइस! अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेला. लंडनला येऊन जीवशास्त्रात शिरला, ते समीकरण काढलं, मग धर्माकडे वळला, होतं ते बेघरांना वाटून टाकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये आत्महत्या केली. अंत्यविधीला मोजकी माणसं होती, त्यांत हॅमिल्टन आणि मेनार्ड स्मिथ.

---

रानपाखरू

_/\_

---

मधमाशी_पुणे

नव्या काळातलं भांडण राहिलंच. २०१० मध्ये नोवाक, तारनिता आणि ई. ओ. विल्सन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की कीटकांच्या वसाहती समजायला आप्तनिवड लागतच नाही. पुढच्या वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. विज्ञानात सह्यांची मोहीम म्हणजे विनोदच, पण उत्तरात दम होता. २००८ मध्ये मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या २६७ जाती तपासल्या होत्या. वसाहतीने राहायची सवय जिथे जिथे सुरू झाली तिथे मूळची राणी एकाच नराशी जुगणारी निघाली. म्हणजे सुरुवातीला बहिणी सख्ख्या होत्या. गटाचं नुसतं असणं पुरेसं असतं तर हे असं का दिसावं?

पण दुसरी बाजूही आपल्याच देशातली. राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूला रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर आयुष्य घालवलं. यातली राणी अनेक नरांशी जुगते, शिवाय राण्या एकामागून एक बदलत जातात. त्यामुळे कामकऱ्यांचं एकमेकींशी नातं पुस्तकात सख्ख्या बहिणींसाठी दिलेल्या तीन चतुर्थांशाच्या पुष्कळ खाली घसरतं. तरी त्या राबतात, आणि गंमत म्हणजे कोणतीही कामकरी राणी होऊ शकते. राणी काढून घेतली की एक जण अचानक दांडगाई सुरू करते आणि काही दिवसांत अंडी घालायला लागते. म्हणजे नात्याच्या आकड्यावर सगळं ढकलता येत नाही, लाभ आणि खर्चही मोजावे लागतात. ते मोजायला अवघड म्हणून लोक टाळतात.

---

सांख्यिक

गदगकरांच्या निष्कर्षाने हॅमिल्टनचा नियम मोडत नाही. नियमात तीन गोष्टी आहेत, त्यांतली एक लहान निघाली तर बाकीच्या मोठ्या असतील, इतकंच.

@वारूळ, माझा मूळ प्रश्न तसाच आहे. गटांची भाषा वापरली म्हणून असं काय हाती लागलं, जे जनुकांच्या भाषेत दिसत नव्हतं? मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०१२ च्या लेखात हाच सवाल केला होता. डी. एस. आणि ई. ओ. या विल्सनद्वयींनी २००७ मध्ये "गटात स्वार्थ जिंकतो, गटागटांत परोपकार जिंकतो, बाकी सगळं भाष्य" असं झोकदार लिहिलं, पण झोकदार लिहिणं म्हणजे नवीन सांगणं नव्हे.

---

वारूळ

योग्य प्रश्न. पुन्हा कोंबड्यांकडे जातो, आता बहिणींचंही येईल.

बाइमा, म्यूर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'जेनेटिक्स'मध्ये जोडलेख छापले. टोचून मरणाऱ्या लेअर कोंबड्या घेतल्या आणि त्या किती दिवस जगतात यातला आनुवंशिक वाटा काढला. रूढ पद्धत फक्त त्या कोंबडीचे स्वतःचे जनुक बघते. यांनी शेजारणींच्या जनुकांचा तिच्या जगण्यावर होणारा परिणामही धरला. आनुवंशिक फरक रूढ हिशेबाच्या तिप्पट निघाला. म्हणजे दोन तृतीयांश भाग नेहमीच्या पद्धतीला दिसतच नव्हता, कारण तो कोंबडीत नव्हता, कोंबड्यांमध्ये होता.

पिंजऱ्यात बहिणी होत्या म्हणून ती निवड जोरात चालली, हे बरोबर. नातं हे गटागटांत फरक पाडायचं साधन आहे. माझा त्याला विरोध कधीच नव्हता. पण "पिंजरा निवडा" ही सूचना पैदासकाराला दिली कुणी?

अवांतर: १९७५ मध्ये डेव्हिड स्लोन विल्सन यांचा गटनिवडीचा लेख अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात वस्त्यावस्त्यांमधल्या निवडीतून सामाजिक वर्तन कसं घडेल यावर आणखी एक छोटा लेख आला. लेखक माधव गाडगीळ. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे ते घरोघरी पोहोचले, हा लेख मात्र आपल्याकडे फारसा कुणी वाचलेला दिसत नाही.

---

सांख्यिक

शेजारणींच्या जनुकांचा परिणाम ही कल्पना ग्रिफिंगची, १९६७ ची, आणि ती सरळ जनुकांच्याच भाषेत आहे. ग्रिफिंग गटनिवडवाला नव्हता, वनस्पती-पैदासकार होता.

---

वारूळ

आणि त्याच्या लेखांच्या मालिकेचं शीर्षकच गटांवर केलेल्या निवडीबद्दल होतं. काढून वाचा.

---

पोल्ट्रीवाला_तासगाव

तुम्हा दोघांचं चालू द्या. मला एवढंच सांगा, न टोचणारी असली जात इथं मिळते का? मिळत असली तर पुढची बॅच तीच घेतो.